वीतभर सरकलेलं कडं

मित्रांनो, मला इथे खिडकीपाशी झाडूच्या शेजारी उभं करून ठेवलंय, म्हणून मला झाडूची बहीण समजायचं कारण नाही. मी जुनी आहे, पण ऐरीगैरी नाही. मी जंगलात माग काढणारी काठी आहे. एकोणीस वर्षं मी एका रेंजरच्या हातात होते, आणि त्या एकोणीस वर्षांत त्याने माझ्यावाचून जंगलात पाऊल टाकलं नाही. आता माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. न बघू दे. माझं तोंड अजून शाबूत आहे.

शाळेचं म्हणाल तर मी तिचं दार पाहिलेलं नाही. मला आकडे येत नाहीत. मला वीत येते, बोट येतं आणि दोन पावलांमधलं अंतर येतं. एवढ्या भांडवलावर मी जन्म काढला, आणि चांगले शिकलेसवरलेले लोक माझ्यापुढे गुडघे टेकून बसलेले पाहिले.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. आधी मी दाताळ्याचा दांडा होते. रेंजरची बायको मला धरून अंगणातला पालापाचोळा ओढायची. एक दिवस दाताळं दगडावर आपटलं आणि त्याचे दात मोडले. रेंजर मला सरपणात टाकायला निघाला, तर ती बाई आडवी आली.

“निघालात कुठे तिला घेऊन? दात पडले म्हणून कुणी माणसाला जाळतं का?”

तिने मला करवतीने कापून पाच विती ठेवलं. काचेच्या तुकड्याने तासलं, तेल पाजलं, चार दिवस उन्हात झोपवलं. मग नवऱ्याच्या सायकलची फाटकी ट्यूब घेतली, कात्रीने तिच्या दोन चकत्या कापल्या आणि माझ्या अंगावर चढवल्या. रबराची दोन कडी, एक वर, एक खाली. घट्ट बसतील, पण अंगठ्याने रेटली तर सरकतील, अशी. बाईमाणसाने घडवलेली वस्तू आहे मी, म्हणून इतकी टिकले.

“घ्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “रोज संध्याकाळी घरी येऊन रडता, माग हरवला, माग हरवला. आता हरवून दाखवा.”

माझं काम काय, ते सांगते. जनावर एका चालीने चालत असलं की त्याची पावलं ठरलेल्या अंतरावर पडतात. एका पावलाच्या टाचेवर माझं टोक टेकवायचं आणि दुसऱ्या पावलाच्या टाचेपर्यंत वरचं कडं आणून ठेवायचं. झालं अंतराचं माप. खालचं कडं पावलाच्या लांबीचं, म्हणजे दुसरंच जनावर मध्ये घुसलं तर लगेच कळतं. पुढे कुठे पाऊल दिसेनासं झालं, तर वरचं कडं शेवटच्या पावलावर धरायचं आणि माझं टोक समोर अर्धगोलात फिरवायचं. पुढचं पाऊल त्या टोकाखालीच असतं. गवत असो, वाळू असो, कुजका पाला असो, दुसरीकडे जाणार कुठे? एक दबलेली काडी, एक उलटलेला खडा, पण असतंच. मी कधी खोटं बोलले नाही.

तर असा आमचा रेंजर. मी त्याला अरेतुरेच करते. ज्याच्या तळहाताला घट्टे मी पाडले, त्याला अहो-जाहो कशाला? साधा, कमी बोलणारा, हट्टी माणूस. बायको होती तोवर ती त्याला बोलायची आणि तो ऐकायचा. ती गेली, आणि घरात त्याला बोलणारं कुणी उरलं नाही. एकुलती एक मुलगी शहरात, तिचं कपडे शिवायचं दुकान. मी होते, पण माझं त्याला ऐकू कुठे येत होतं?

पुढे तो नोकरीतून निवृत्त झाला. वनखात्याच्या साहेबांनी त्याला जंगलाच्या फाटकाजवळच्या दोन खोल्यांतच राहू दिलं, कारण दर रविवारी शहरातून कुटुंबं यायची आणि त्यांना माग कसा काढतात ते शिकवायला दुसरं कुणी नव्हतं. रविवार म्हणजे आमचा मानाचा दिवस. पोरंबाळं माझी कडी बघायची, बाया मला हातात घेऊन फोटो काढायच्या. एक बाई म्हणाली होती, “किती साधी वस्तू आणि किती हुशार!” साधी कुणाला म्हणतेस गं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण पुढचा शब्द ऐकून मी तिला माफ केलं.

आता जे सांगायचं ते सांगते.

बायको गेल्यावर वर्षभराने त्याच्या डोळ्यांत काहीतरी बिनसलं. समोरचं त्याला लख्ख दिसायचं. पेपरमधली बारीक अक्षरंसुद्धा तो वाचायचा. पण बाजूचं दिसेना. नळकांड्यातून बघावं तसं त्याचं बघणं झालं. डाव्या खांद्याला दाराची चौकट लागायची. फांदी येऊन कानाला ओरबाडायची. कुणी बाजूला उभं राहून हात पुढे केला, तर हा त्या हाताकडे न बघता सरळ चालू लागायचा, आणि लोक म्हणायचे, रेंजरला म्हातारपणी ताठा आला. आमच्या जीपच्या ड्रायव्हरला त्याने एकदा हळूच विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, “मोतीबिंदू असेल. माझ्या काकांना होता. पिकल्याशिवाय काढत नाहीत म्हणे.”

झालं! याला तेवढंच हवं होतं. “पिकू दे मग,” म्हणाला, आणि डॉक्टरचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

आणि खरं सांगू? त्याला गरजच पडली नाही. मी होते ना. आधी त्याची नजर सगळ्या रानावर फिरायची, आता ती फक्त माझ्या टोकामागे यायची. मी टोक दाखवायचे, तो तेवढ्याच जागेवर डोळे न्यायचा, पाऊल तिथे असायचंच. दोन वर्षं रविवारच्या एकाही पाहुण्याला संशय आला नाही. साहेबांना नाही, ड्रायव्हरला नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! घरातली मोठी बाई जशी घरची उणी बाजू पदराखाली झाकते आणि बाहेर ताठ मानेने फिरते, तशी मी फिरत होते.

पण मुलगी आईवर गेली होती. ती एकदा भेटायला आली, बापाने चहा ओतला, आणि अर्धा चहा कपाच्या बाहेर टेबलावर पडला. तिने फडक्याने पुसून घेतलं. त्यानंतर दर आठवड्याला फोन सुरू झाले. बाबा, शहरात चला. बाबा, एकटे राहू नका. हा म्हणायचा, “मी तिथे काय करू? बटणं लावू?”

मग एका रविवारी ती नवरा आणि मुलीला घेऊन सकाळी सकाळी फाटकाशी हजर झाली. नवरा बसचा ड्रायव्हर, गोल पोटाचा, हसरा, आणि जंगलाला मनापासून घाबरणारा. नात नऊ वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती.

“आज आम्ही पाहुणे नाही, बाबा,” रेंजरची मुलगी म्हणाली. “रविवारच्या लोकांना शिकवता तसं आम्हालाही शिकवा.”

“रविवारचे लोक मला उलटून बोलत नाहीत.”

“मग आज सवय करून घ्या. आणि एक ऐका. तुम्ही जिथवर न्याल तिथवर माग नीट काढून दाखवलात, तर मी शहराचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर संध्याकाळी बॅग भरायची. कबूल?”

“तुझी आई लग्नाच्या आधी अशाच अटी घालायची.”

“कबूल आहे की नाही?”

त्याने मला भिंतीवरून उचललं. “कबूल.”

मित्रांनो, त्याने माझ्या जिवावर शब्द दिला होता. मी ताठ झाले.

सकाळचं ऊन तिरपं होतं. मागाला असंच ऊन लागतं. सूर्य समोर ठेवून चाललं की प्रत्येक पावलाच्या कडेला सावली पडते आणि पाऊल उठून दिसतं. पायवाटेच्या मऊ मातीत भिंगरीलाच पहिली खूण सापडली. चार बोटं, पुढे नखांचे टोचे.

“आजोबा, कुत्रा!”

“इथे कुत्रा कुठून येणार? लांडगा आहे. एकटाच आहे आणि पहाटे गेलाय.”

जावई दोन पावलं मागे सरकला. “गेलाय म्हणजे, नक्की कुठे गेलाय?”

“तिकडे, डोंगराकडे. आणि आपण जाणार इकडे. पोरंबाळं बरोबर असली की मी नेहमी उलटा माग काढतो. जनावर जातंय कुठे, ते नाही बघायचं. ते आलं कुठून, ते बघायचं. त्याला त्रास नाही, आपल्याला धोका नाही. हा ओढ्याच्या डोहावर पाणी पिऊन आलाय. आपण डोहापर्यंत जायचं.”

“हे मला आवडलं,” जावई म्हणाला. “मीही बस अशीच चालवतो. लांडग्याच्या उलट्या दिशेला.” आणि बोलता बोलता त्याचा बूट बरोबर एका पावलावर पडला.

“जावईबापू, पाय उचला. त्या लांडग्याची अख्खी सकाळ तुमच्या बुटाखाली आहे.”

“अरे अरे! माफ करा.”

“मला काय सांगता? त्याला सांगा.”

“त्याला सांगायची वेळ नको यायला, बाबा!”

भिंगरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. रेंजरने मग सगळ्यांना पहिला नियम सांगितला. मागावर पाय द्यायचा नाही. मागाच्या बाजूने चालायचं. पुसलेलं पाऊल पुन्हा उमटत नाही. मग त्याने माझं टोक एका टाचेवर टेकवलं, वरचं कडं दुसऱ्या टाचेपर्यंत आणलं. लांडग्याची चाल, तीन विती. त्याने ते अंगठ्याने चाचपून पाहिलं आणि आम्ही निघालो.

आणि काय चाललो आम्ही! गवतातून गेलो, कोरड्या वाळूतून गेलो, पानगळीतून गेलो. माती संपली की मुलगी म्हणायची, “इथे काही नाही हो,” आणि हा कडं शेवटच्या पावलावर ठेवून मला फिरवायचा, टोकाखाली बोट ठेवायचा, आणि तिथे एक चेपलेलं पान असायचं. भिंगरी टाळ्या पिटायची. जावई म्हणाला, “बाबा, आमच्या डेपोत तुमच्यासारखा एक माणूस असता, तर हरवलेल्या बस सापडल्या असत्या.” मुलगी हसली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. मी मनात म्हटलं, ये गं ये, अटी घालतेस काय? बघ तुझ्या आईचं हातकाम!

अर्ध्या वाटेवर सपाट खडक होता. तिथे चहाला थांबलो. थर्मास निघाला, पाव निघाला, उकडलेली अंडी निघाली. रेंजरने मला खडकावर आडवं ठेवलं आणि लेकीशेजारी बसला. ती दोघं आईबद्दल बोलत होती. दाताळ्याचीही गोष्ट निघाली. मी कान टवकारून ऐकत होते, म्हणून माझ्याशेजारी कोण येऊन बसलं तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

भिंगरी. तिने माझं वरचं कडं धरलं आणि वर नेलं. मग खाली आणलं. मग तोंडाने घर्र घर्र करत पुन्हा वर नेलं. तिच्या बापाची बस झाले मी. वरचा स्टॉप, खालचा स्टॉप. अगं कार्टे, ते खेळणं नाही! पण काठीला जीभ असून उपयोग काय, आवाज तर हवा ना.

“भिंगरी, ठेव ती काठी!” आई ओरडली.

पोर दचकली. तिने कडं घाईघाईने परत “होतं तिथे” आणून ठेवलं. तिच्या हिशोबाने होतं तिथे. माझ्या हिशोबाने वीतभर खाली, टोकाकडे.

रेंजर उठला, मला नेहमीसारखं वरून पकडलं आणि चालू लागला. कड्याकडे त्याने पाहिलं नाही. का पाहील? एकोणीस वर्षांत ते आपण होऊन कधी हललं नव्हतं.

खडकापलीकडची चार-सहा पावलं ओल्या मातीत होती. ती त्याला तशीच समोर दिसली. मग मुरूम लागला, आणि ऊनही वर चढलं होतं. डोक्यावरच्या उन्हात सावली राहत नाही, पावलं चपटी होतात. त्याने शेवटच्या पावलावर कडं धरलं आणि माझं टोक फिरवलं. पाहिलं. तिथे काही नव्हतं. पुन्हा फिरवलं. टोक जिथे पडत होतं, खरं पाऊल त्याच्या वीतभर पुढे होतं. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला ते आपोआप दिसलं असतं. पण याची नजर टोक सोडून जायची सवयच विसरली होती. ती सवय मी मोडली होती.

तिसऱ्यांदा फिरवल्यावर तो खाली बसला. मग रांगायला लागला. हाताने मुरूम चाचपत, मान डावी उजवी फिरवत. मागे तिघं उभी होती. डोह चाळीस पावलांवर होता. बेडकांचा आवाज येत होता.

“बाबा,” जावई शेवटी अगदी हळू म्हणाला. “बाबा, ते पाऊल... तुमच्या गुडघ्याखाली आहे.”

त्याने गुडघा उचलला. खाली दोन बोटं आणि अर्धी टाच उरली होती. बाकीचं त्याच्याच गुडघ्याने पुसलं होतं.

बसल्या जागी त्याचा हात माझ्या अंगावरून फिरला. अंगठा टोकाला, करंगळी वर. एक वीत. दोन वीत. आणि कडं. त्याचा हात तिथेच थांबला. मग त्याने मान पूर्ण वळवून भिंगरीला शोधलं. ती दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. डोळे एवढाले मोठे.

मित्रांनो, एक वाक्य बोलायचं होतं. “कडं सरकलंय, थांबा, पुन्हा मोजतो.” बस. मागे जाऊन दोन पावलं मापली असती तर पाण्यापर्यंत आम्ही नाचत गेलो असतो. मी आतल्या आत ओरडत होते, बोल, अरे बोल!

तो लेकीकडे वळून म्हणाला, “मला दिसलं नाही गं, पोरी.”

मुलगी येऊन त्याच्यासमोर मातीत बसली. तिने आपला हात त्याच्या कानाजवळ बाजूला धरला आणि बोटं हलवली.

“बाबा, समोर बघा. माझा हात दिसतोय?”

“कुठला हात?”

तिने हात पुढे आणला. आणखी पुढे. पार डोळ्यासमोर येईपर्यंत तो नाही नाही म्हणत राहिला. ती रडली नाही. तिच्या आईसारखीच, रडायच्या ठिकाणी तिला राग येतो.

“किती दिवस झाले?”

“मोतीबिंदू आहे. पिकला की काढून...”

“मी विचारते, किती दिवस?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं! आणि फोनवर मला हवापाण्याच्या गोष्टी सांगत होतात?”

डोह न बघताच आम्ही परत फिरलो. येताना जावयाने त्याचा दंड धरला होता. आणि मला भिंगरीने धरलं होतं. ती मला जमिनीला टेकवतही नव्हती, दोन्ही हातांत आडवी धरून चालत होती. मला तिचा स्पर्श नको होता.

संध्याकाळी बॅग भरली. दोन खोल्यांत तशी भरायला होतं काय? रविवारी चढवायचा तो गणवेश साहेबांना परत दिला. शिट्टीही दिली. साहेब म्हणाले, “रविवारचं काय करायचं आता?” तो म्हणाला, “लोकांना उलटा माग शिकवत जा. तेवढं सोडू नका.” मला मात्र त्याने दिलं नाही, बरोबर घेतलं. त्या वेळी मला वाटलं होतं, आपलं राज्य काही संपलेलं नाही.

शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रं लावली, टिकलीएवढे दिवे दाखवले. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. तो पिकत नाही, तो खातो. कडेपासून खात खात मध्यावर येतो, आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घाला, उरलीय तेवढी राखू. दोन वर्षं आधी यायला हवं होतं.

मग इस्पितळातून पांढरी काठी आली. चार तुकड्यांची, आत दोरी, घडी घातली की पिशवीत मावते. कणा म्हणून नाही. पण फुटपाथवर लोक तिला बघून वाट देतात. मला बघून कोण देणार? मला आधी लेकीच्या घरात दाराआड ठेवलं. मग या खिडकीची सरकती काच खाली येते म्हणून तिला टेकू दिला. जिने लांडग्याची चाल मापली ती आता वारा मापते.

या कोपऱ्यात उभी राहून मी दोन वर्षं एकीलाच दोष दिला. ती भिंगरी माझ्यासमोरून शाळेत जायची, यायची, आणि मी मनात म्हणायचे, तुझ्या एका घर्र घर्रने माझ्या माणसाचं रान गेलं. शाळेत तुम्हाला सगळं शिकवतात, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये हे शिकवत नाहीत? असं बरंच बोलले. सगळं सांगत नाही.

परवा दुपारची गोष्ट. आजोबाच्या डोळ्यांत थेंब तीच घालते. थेंब घातले की त्याला पाच मिनिटं डोळे मिटून पडावं लागतं. ती आता अकराची आहे, आणि हल्ली एका जागी बसते. त्या दिवशी ती बाटलीचं झाकण लावत बसली, उघडत बसली, पुन्हा लावत बसली.

“आजोबा, एक सांगू?”

“डोळे मिटलेत, कान उघडे आहेत. सांग.”

“ते कडं मी सरकवलं होतं. चहा पिताना.”

“माहीत आहे.”

बाटली तिच्या हातातून पडली. “माहीत आहे? मग तुम्ही आईला का नाही सांगितलं?”

“तू नऊ वर्षांची होतीस.”

“तेवढ्यासाठीच?”

 मिटलेल्या पापणीतून औषधाचा थेंब ओघळला, तो त्याने बाहीने टिपला.

“सुरुवातीला तेवढ्यासाठीच. पण मग डॉक्टर म्हणाले ना, आणखी वर्षभर असंच राहिलं असतं तर समोरचंही गेलं असतं. सांगितलं असतं तर मी कडं पुन्हा लावून डोहापर्यंत पोचलो असतो. तुझ्या आईने शब्द पाळला असता. मी तिथेच राहिलो असतो, खुशीत. आणि आज तुझा हा चेहरा मला दिसला नसता.” मग तो थोडं हसला. “आपली ती काठी आहे ना खिडकीपाशी, ती फार हुशार, बरं का. इतकी हुशार की मी किती आंधळा झालोय, ते तिने मला कळूच दिलं नाही.”

“तुम्हाला तिचा राग येतो?”

“नाही गं. बिचारीने जीव लावून काम केलं.”

मित्रांनो, एकोणीस वर्षांत मला अनेकांनी अनेक विशेषणं लावली. बिचारी कुणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं तोंड जरा बंद आहे. आज तुमच्यासमोर उघडलं, ते आपली चूक कबूल करायला. जिला मी दोष देत होते तिने त्याची उरलेली नजर वाचवली, तेही नकळत, खेळता खेळता. आणि जी मी त्याला जिवापाड सांभाळत होते, तीच मी त्याला दवाखान्यापासून दोन वर्षं लांब ठेवून बसले. मला वाटायचं, झाकणं म्हणजे सांभाळणं. तसं नसतं.

तुमच्या घरातही कुणीतरी असेल. एखादी मावशी, बोललेलं ऐकू आलं नाही की नुसती हसून मान हलवणारी. एखादे काका, मधल्या पायरीवर बसून “जरा हवा खातोय” म्हणणारे. त्यांच्यासाठी पुढे पुढे करून त्यांचं उणं लपवू नका, आणि अटी घालून त्यांना पकडूही नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, किती दिवस झाले? ते चिडतील. मोठी माणसं चिडतातच. तरी विचारा. विचारून त्यांचा हात धरा आणि त्यांना दाखवायला घेऊन जा.

माझ्या माणसाला हे विचारायला दोन वर्षं उशीर झाला. रोज दुपारी ती पोर त्याच्या डोळ्यांत थेंब घालते, आणि त्याची बोटं तिचा चेहरा कुठवर दिसतो ते चाचपत राहतात. गेल्या वर्षी हनुवटीपर्यंत दिसत होता. आता ओठांपर्यंतच.